प्रकल्प नोंदी: सर्व्हर बदलण्याआधी ओरॅकल क्लायंटचा शोध

३ जून २०२४, सोमवार

साखर कारखान्याचा डेटाबेस सर्व्हर बदलायचा निर्णय झाला. सध्या ओरॅकल ११.२.०.४ चालू आहे, नव्या मशीनवर १९सी ही आवृत्ती येणार. हंगाम संपलेला, काटा बंद, गव्हाण रिकामी. एवढ्या काळातच हे काम होऊ शकते. टोळ्या उतरायला लागल्या की सर्व्हरला हात लावायची कुणी परवानगी देणार नाही आणि मीही मागणार नाही. शेतकऱ्याचा ऊस काट्यावर आला की १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, देणे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने बंधनकारक आहे, आणि त्या बिलाची पहिली नोंद काट्यावरच होते. काटा थांबला तर पुढचे सगळेच अडते.

खुद्द सर्व्हरची मला फारशी चिंता नाही. ११.२.०.४ वरून १९ वर थेट जाता येते. चिंता आहे ती टोकाच्या मशीनची: काटा, शेतकी, स्टोअर, हिशेब, लॅब, गट कार्यालये. गेल्या वीस वर्षांत ज्याला जसे जमले तसा त्याने तिथे क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारे ओरॅकलचे सॉफ्टवेअर, टाकला आहे. १९सी जुन्या क्लायंटला दारातच अडवतो. सर्व्हरच्या एसक्यूएलनेट फाइलमध्ये 'अलाउड लॉगऑन व्हर्जन सर्व्हर' नावाचे सेटिंग आहे. काही लिहिले नसेल तर त्याची किंमत १२ धरली जाते. मग ११.२.०.३ च्या आधीचा, ऑक्टोबर २०१२ चा सुरक्षा पॅच नसलेला क्लायंट जोडायला गेला की ओआरए-२८०४० ही चूक येते आणि पासवर्ड तपासायची वेळसुद्धा येत नाही. शिवाय कुठला क्लायंट कुठल्या सर्व्हरशी चालतो याचा ओरॅकलचा तक्ता आहे, सपोर्ट नोट २०७३०३.१. त्यानुसार १९ साठी ११.२.०.४ किंवा त्यापुढचा क्लायंट हवा.

तेव्हा सीमा ठरली: ११.२.०.४. प्रत्येक मशीनवर या सीमेच्या अलीकडचे (जुने) काय आणि पलीकडचे (चालणारे) काय, ते शोधायचे.

५ जून, बुधवार

गट कार्यालयांना फोन करून आवृत्ती विचारली. बहुतेकांनी 'अकरा दोन शून्य चार' असे सांगितले. एवढे सारखे उत्तर आले म्हणून एका ठिकाणी स्क्रीनचा फोटो मागवला. क्लार्कने एसक्यूएल प्लस (ओरॅकलला आज्ञा देण्याचा, क्लायंटसोबत येणारा प्रोग्रॅम) उघडून, लॉगिन करून, 'कनेक्टेड टू' च्या खालची ओळ वाचली होती. ती ओळ सर्व्हरची. क्लायंटची ओळ वर, अगदी पहिली, 'एसक्यूएल प्लस: रिलीज' अशी सुरू होणारी, तिथे १०.२.०.१ होते. फोनवरची सगळी उत्तरे यादीतून काढून टाकली.

आता सगळ्यांना एकच सांगायचे: लॉगिन करू नका. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत एसक्यूएलप्लस लिहून पुढे उणे चिन्ह आणि व्ही. हा पर्याय डेटाबेसला जोडतच नाही, फक्त स्वतःची आवृत्ती छापून थांबतो, त्यामुळे सर्व्हरची ओळ वाचली जायचा प्रश्न येत नाही. टीएनएसपिंग (जोडणी तपासायचा ओरॅकलचा छोटा प्रोग्रॅम) चालवले तरी पहिल्या ओळीत आवृत्ती येते, आणि विंडोजवर ती ३२ बिट की ६४ बिट हेही कळते. ते महत्त्वाचे आहे, पुढे लिहितो.

१८ पासूनच्या क्लायंटवर 'रिलीज' ची ओळ १८.०.०.०.० किंवा १९.०.०.०.० एवढीच दाखवते. खरा आकडा तिच्या खालच्या 'व्हर्जन' ओळीत असतो. नव्या मशीनवर दोन्ही ओळी लिहून घ्यायच्या.

कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रॅमची यादी इथे उपयोगाची नाही. आमच्याकडचे ओरॅकल क्लायंट तिथे दिसतच नाहीत; ओरॅकलचा इन्स्टॉलर स्वतःची वेगळी नोंद ठेवतो.

१० जून, सोमवार

आज उलट्या बाजूने सुरुवात केली. मशीनला विचारण्यापेक्षा सर्व्हरलाच विचारावे की तुझ्याशी कोण बोलतोय. 'व्ही डॉलर सेशन कनेक्ट इन्फो' या व्ह्यूमध्ये क्लायंट व्हर्जन, क्लायंट ड्रायव्हर, क्लायंट कॅरॅक्टरसेट आणि क्लायंट ओसीआय लायब्ररी असे रकाने ११ च्या सर्व्हरवरही मिळतात. शेवटच्या रकान्यावरून क्लायंट पूर्ण होममधला (इन्स्टॉलरने बसवलेल्या ओरॅकलच्या फोल्डरातला) आहे की इन्स्टंट क्लायंट (नुसती झिप उघडून ठेवलेला), ते कळते. एका सेशनच्या अनेक ओळी येतात, कारण नेटवर्क सेवेच्या प्रत्येक बॅनरची वेगळी ओळ असते. म्हणून डिस्टिंक्ट लावले. 'व्ही डॉलर सेशन' ला जोडून मशीनचे नाव, विंडोजचा युझर आणि प्रोग्रॅमचे नाव घेतले.

ही माहिती मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण डिस्कवर काय पडलेय याच्याशी तिचा संबंध नाही. या घडीला खरोखर कुठली लायब्ररी बोलतेय ते ती सांगते. काही ओळींत आवृत्तीच्या जागी कामाचे काहीच आले नाही. त्या ओळी गाळल्या नाहीत, उलट वेगळ्या काढल्या. जो क्लायंट आपली आवृत्ती सांगत नाही तो जुना असण्याचीच शक्यता जास्त.

सेशन संपले की ओळ गेली. म्हणून शेड्युलरमध्ये जॉब लावला: दर दहा मिनिटांनी हीच क्वेरी, आणि मशीन, प्रोग्रॅम, आवृत्ती हा संच नवा असेल तरच टेबलात भर. लॉगऑन ट्रिगरचाही विचार केला होता, पण ट्रिगरमध्ये काही बिघडले तर लोकांचे लॉगिनच अडते. चालू डेटाबेसवर तो धोका नको.

एक मोठी उणीव मात्र राहतेच. सध्या ऑफ सीझन आहे. काट्याचा प्रोग्रॅम, लॅबचा प्रोग्रॅम, ऊसतोडणीच्या स्लिपांचा प्रोग्रॅम नोव्हेंबरपर्यंत कुणी उघडणार नाही, म्हणजे सर्व्हरला ते दिसणारच नाहीत. जूनमधली ही यादी बघून 'सगळे ठीक' म्हणणे म्हणजे ज्यांच्यासाठी हा सर्व्हर आहे त्यांनाच वगळणे. हंगामी मशीनपुढे प्रत्यक्ष जाऊन बसावे लागेल.

१४ जून, शुक्रवार

हिशेब विभाग. एकाच मशीनवर तीन होम निघाले: १०.२, ११.२.०.४ आणि एक १२.१. एसक्यूएलप्लसची आज्ञा १२.१ दाखवते. साहेबांचे म्हणणे, मग हे मशीन पास. तसे नाही. आज्ञा दिल्यावर पाथमध्ये (विंडोज ज्या फोल्डरांत क्रमाने शोधतो त्या यादीत) जे होम आधी लिहिलेले असते त्यातलाच एसक्यूएल प्लस उठतो. एमआयएसची, म्हणजे व्यवस्थापनाच्या अहवालांची, एक्सेल शीट कुठले होम वापरते हे त्यावरून अजिबात ठरत नाही.

व्हेअर या आज्ञेला ओसीआय.डीएलएल (क्लायंटची मुख्य लायब्ररी फाइल) असे नाव दिले की पाथमधल्या क्रमाने सगळ्या जागा दिसतात. इथे १२.१ पहिला, पण तो ६४ बिट. एक्सेल ३२ बिट आहे. ३२ बिट प्रोग्रॅम ६४ बिटची लायब्ररी उचलू शकत नाही, म्हणून त्याच्या ओडीबीसी (विंडोजच्या प्रोग्रॅमांनी डेटाबेसशी बोलायची एक पद्धत) जोडणीसाठी वेगळा ३२ बिट ड्रायव्हर नोंदवलेला आहे, आणि तो निघाला १०.२ च्या होमचा.

ओडीबीसीची खिडकी उघडताना सांभाळून. ६४ बिट विंडोजवर या नावाचे दोन प्रोग्रॅम असतात आणि फोल्डरांची नावे उलटी वाटतात: सिस्टम३२ मधला ओडीबीसीएडी३२ हा ६४ बिट, तर सिसवाव६४ मधला ३२ बिट. एक्सेलची जोडणी दुसऱ्यात दिसते. रजिस्ट्रीचेही तसेच आहे. ३२ बिट होमच्या नोंदी सॉफ्टवेअरखालच्या वाव६४३२नोड मध्ये असतात, नुसत्या ओरॅकल या किल्लीखाली शोधल्या तर सापडत नाहीत.

आजपासून शीटमध्ये 'मशीन' हा मुख्य रकाना नाही. मुख्य रकाना 'प्रोग्रॅम'. एका मशीनवर चार प्रोग्रॅम असतील तर चार ओळी, प्रत्येकीला आपली आवृत्ती आणि आपले बिट.

२१ जून, शुक्रवार

इन्स्टॉलरची नोंद वाचणारी छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट तयार झाली. प्रोग्रॅम फाइल्समधल्या ओरॅकलच्या इन्व्हेंटरी फोल्डरात, कंटेंट्स एक्सएमएल खाली इन्व्हेंटरी.एक्सएमएल असते. तिच्यात प्रत्येक होमचे नाव आणि जागा मिळते. काढून टाकलेल्या होमचीही ओळ शिल्लक राहते, फक्त तिच्यावर 'रिमूव्हड' ची खूण असते. त्या ओळी गाळायच्या. होमच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही, कारण इन्स्टॉल करणारा ते नाव आपल्या मनाने टाइप करू शकतो. खरी आवृत्ती त्या होमच्या आतल्या इन्व्हेंटरीमध्ये, कॉम्प्स.एक्सएमएल मध्ये, घटकागणिक लिहिलेली असते. लिनक्सच्या दोन मशीनवर हीच जागा इटीसी मधल्या ओराइन्स्ट.एलओसी या फाइलवरून सापडली.

पॅचची पातळी हवी असेल तर 'ओपॅच एलएसइन्व्हेंटरी' ही आज्ञा. १२ पर्यंतच्या क्लायंटवर एसक्यूएल प्लस फक्त मूळ रिलीज सांगतो, वर कुठला पॅच बसलाय ते सांगत नाही.

या सगळ्यातून इन्स्टंट क्लायंट सुटतो. तो इन्स्टॉल होत नाही. झिप उघडायची, फोल्डर पाथमध्ये घालायचा, झाले. इन्व्हेंटरीत नोंद नाही, बहुतेक ठिकाणी एसक्यूएल प्लससुद्धा नाही. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये डिस्कवरच्या सगळ्या ओसीआय.डीएलएल शोधायची पायरी घातली. सापडलेल्या फोल्डरात जेनेझी नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला व्ही चा पर्याय दिला की आवृत्ती आणि बिट दोन्ही छापतो. फाइलच्या नावावरून अंदाज बांधायचा नाही: लिनक्सवर एलआयबीसीएलएनटीएसएच.एसओ.१२.१ हेच नाव १२.१ आणि १२.२ दोन्ही क्लायंटमध्ये आहे.

२ जुलै, मंगळवार

काटा. आज दिवसभर इथेच होतो आणि या कामातली सर्वांत उपयोगी माहिती इथेच मिळाली.

काट्याचे मशीन विंडोज ७, ३२ बिट. वजनाचा इंडिकेटर सीरियल पोर्टवरून येतो, प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक ६ चा. एसक्यूएलप्लसने ११.२.०.१ दाखवले. सीमेच्या थोडे अलीकडे. पॅच चढवला की भागेल असे प्रथमदर्शनी वाटावे.

काट्यावरच्या अण्णांना म्हटले, "अण्णा, हंगामात कसं उघडता तसंच उघडा, लॉगिन करून वजनाचा स्क्रीन आणा." त्यांनी रिकाम्या काट्यावर शून्य वजनाचा स्क्रीन आणून ठेवला. मग टास्कलिस्टला एम चा पर्याय देऊन कुठल्या प्रोसेसने कुठल्या लायब्ररी उचलल्या ते पाहिले. काट्याच्या प्रोग्रॅमपुढे ओराक्लायंट१०.डीएलएल आणि ओराओएलईडीबी१०.डीएलएल होत्या. ११ च्या होमची एकही नाही. टास्कलिस्ट फक्त नाव सांगतो, जागा सांगत नाही. म्हणून प्रोसेस एक्सप्लोररमध्ये पूर्ण पाथ पाहिला, तर सगळे १०.२ च्या होममधलेच.

याचे कारण असे. हा प्रोग्रॅम ओरॅकलच्या ओएलई डीबी प्रोव्हायडरमधून (डेटाबेसशी जोडणारा आणखी एक दुवा) बोलतो. प्रोव्हायडर हा कॉम घटक (विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदवून वापरायचा भाग) आहे आणि कॉम घटक पाथ बघून निवडला जात नाही. रजिस्ट्रीत शेवटी ज्या डीएलएलची नोंदणी झाली ती उचलली जाते. ती उचलली की सोबतच्या फाइली ती आधी आपल्याच फोल्डरात शोधते. ११.२ चे होम टाकताना प्रोव्हायडर निवडलेला नव्हता, त्यामुळे नोंदणी १०.२ कडेच राहिली. होम नवे आले, पाथ बदलला, आवृत्ती विचारली तर नवे उत्तर येऊ लागले, आणि काटा मात्र एवढे हंगाम जुन्याच क्लायंटवर चालत राहिला. ११ चा सर्व्हर १०.२ ला सहज घेतो, म्हणून कुणाला कधी काही जाणवले नाही.

१९सी लागल्यावर पहिली गाडी काट्यावर आली असती आणि स्क्रीनवर ओआरए-२८०४०. त्या वेळी काट्यापुढे ट्रॅक्टरची रांग असते, ट्रॉलीतल्या उसाचे वजन उन्हात घटत असते आणि तोडणीवाले पुढच्या खेपेसाठी खोळंबलेले असतात.

यापुढे नियम: आवृत्ती विचारायची ती चालू प्रोग्रॅमला. तो उघडून, लॉगिन करून, मग त्याने काय उचललेय ते पाहायचे. इन्व्हेंटरी आणि एसक्यूएल प्लस हे फक्त पूरक.

९ जुलै, मंगळवार

ऊस नोंदीचे वेब अ‍ॅप्लिकेशन, टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवरचे. इथे ओरॅकल क्लायंटच नाही. जावा प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणाऱ्या जेडीबीसी थिन ड्रायव्हरला त्याची गरज नसते, सगळे एका जार फाइलमध्ये असते. सर्व्हरच्या यादीत प्रोग्रॅमच्या रकान्यात 'जेडीबीसी थिन क्लायंट' दिसतो तो हाच.

टॉमकॅटच्या लिब फोल्डरात ओजेडीबीसी६ आणि अ‍ॅप्लिकेशनच्या आत, वेब-इन्फच्या लिबमध्ये ओजेडीबीसी१४. टॉमकॅट अ‍ॅप्लिकेशनच्या आतलीच जार आधी घेतो, म्हणजे चालू आहे ती १४. या नावातला १४ पाहून कुणी तिला सर्वांत नवी समजू नये. तो आकडा जावा १.४ चा आहे. ६ म्हणजे जावा ६, ८ म्हणजे जावा ८. ओरॅकलची आवृत्ती जारच्या आतल्या मॅनिफेस्टमध्ये: १०.२. नव्या जार असतील तर जावा -जार देऊन पुढे जारचे नाव लिहिले तरी आवृत्ती छापून येते. प्रोग्रॅमरकडून एक ओळ घालून घेतली, सुरू होताना डेटाबेस मेटाडेटामधून ड्रायव्हर व्हर्जन लॉगमध्ये लिहिण्याची. आता शंका राहणार नाही.

जावा ८ आहेच, तेव्हा १९ ची ओजेडीबीसी८ घालायची आणि १४ काढून टाकायची. दोन्ही ठेवायच्या नाहीत.

ता. क. एसक्यूएल डेव्हलपर आतून जेडीबीसीच वापरतो. शेतकीतल्या दोन मशीनवर तो आहे म्हणून 'क्लायंट आहे' असे लिहिले होते. ते रकाने दुरुस्त करून घेतले.

२४ जुलै, बुधवार

पावसाने नदीकाठच्या गटांचे रस्ते बंद. तिथल्या मशीनचे काम पुढे. जॉबच्या टेबलात या आठवड्यात नवे काही नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

चाचणीचा १९सी सर्व्हर उभा राहिला. प्रत्येक प्रोग्रॅमची जोडणी त्याच्याकडे वळवून पाहतोय. दोन वेगळ्या चुका येतात आणि दोन्हींची कारणे वेगळी, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो.

ओआरए-२८०४०: क्लायंट जुना. पासवर्ड बरोबर असो वा चूक, फरक पडत नाही. उपाय क्लायंटच्या मशीनवर.

ओआरए-०१०१७: युझर किंवा पासवर्ड चुकीचा, असे म्हणतो. पण नव्या क्लायंटवरून, अचूक पासवर्ड देऊनही येत असेल तर सर्व्हरवरच्या डीबीए युझर्स या यादीतला पासवर्ड व्हर्जन्स हा रकाना पाहायचा. तिथे फक्त १०जी असेल तर त्या युझरच्या पासवर्डची नव्या पद्धतीची नोंदच नाही, आणि किंमत १२ असताना सर्व्हर जुनी नोंद मानत नाही. पासवर्ड नव्याने सेट केला की सुटते. स्टोअरचा युझर असाच निघाला. स्टोअरचा क्लायंट ११.२.०.४ आहे, त्याचा काही दोष नव्हता. नुसती चूक वाचून तिथे क्लायंट बदलत बसलो असतो तर वेळ गेला असता आणि चूक तशीच राहिली असती.

बैठकीत सुचवले गेले की सर्व्हरवर ते सेटिंग १२ वरून ८ करा, सगळे जुने प्रोग्रॅम चालतील, मग एवढा खटाटोप कशाला. मी याला विरोध केला आणि विरोध नोंदवून घ्यायला सांगितले. ते सेटिंग काट्याच्या एका मशीनपुरते नसते, पूर्ण सर्व्हरला लागते. एका मशीनसाठी सभासदांच्या बिलांच्या, बँक खात्यांच्या डेटाबेसवर पासवर्ड तपासण्याची जुनी, कमजोर पद्धत सगळ्यांना खुली करायची, हे मला पटत नाही. आणि एकदा खाली आणलेले सेटिंग पुन्हा वर नेण्याचे काम कुणाच्याच यादीत नसते. साहेबांनी ऐकून घेतले. सेटिंग १२ वरच राहणार.

२० ऑगस्ट, मंगळवार

काट्याचा क्लायंट बदलला. १९ चा क्लायंट ३२ बिट विंडोज ७ वर नको, ११.२.०.४ चा ३२ बिट घेतला, कस्टम निवडून ओएलई डीबी प्रोव्हायडरसकट. क्रम महत्त्वाचा: आधी १०.२ आणि ११.२.०.१ इन्स्टॉलरमधूनच काढले, मशीन पुन्हा सुरू केले, मग नवा टाकला. नवा आधी टाकून जुना नंतर काढला तर जुना जाताना नोंदणीही पुसून जाण्याची भीती.

काढण्याआधी दोन गोष्टी जपून ठेवल्या: टीएनएसनेम्स फाइल (सर्व्हरचा पत्ता असलेली) आणि रजिस्ट्रीतली एनएलएस लँग ची (क्लायंटची भाषा आणि अक्षरसंच ठरवणारी) किंमत. दुसरी जास्त महत्त्वाची. आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये शेतकऱ्यांची नावे युनिकोडमध्ये नाहीत. जुन्या मराठी फॉन्टच्या पद्धतीने, लॅटिन अक्षरांच्या जागी साठवलेली आहेत. डेटाबेस आणि क्लायंट दोघांचा कॅरॅक्टरसेट डब्ल्यूई८एमएसविन१२५२ असला की बाइट जसेच्या तसे जातात आणि फॉन्ट लावला की नाव नीट दिसते. इन्स्टॉलर मात्र विंडोजची प्रादेशिक सेटिंग पाहून एनएलएस लँग आपणच लिहितो. तिथे वेगळे काही पडले तर वाटेत रूपांतर होते. वाचताना नाव बिघडलेले दिसते तोवर ठीक, पण त्या क्लायंटवरून कुणी दुरुस्ती करून सेव्ह केले तर बिघडलेलेच नाव डेटाबेसात जाते. आवृत्तीची चूक ताबडतोब ओरडते. ही चूक बिल छापून शेतकऱ्याच्या हातात जाईपर्यंत गप्प राहते. म्हणून शीटमध्ये एनएलएस लँग चा रकाना वाढवला, आणि सर्व्हरच्या व्ह्यूमधला क्लायंट कॅरॅक्टरसेट त्याच्याशी ताडून पाहायचा.

काम झाल्यावर अण्णांनी प्रोग्रॅम उघडला. टास्कलिस्टमध्ये ओराक्लायंट११. चाचणी सर्व्हरशी जोडणी झाली, सभासदांच्या यादीतली जोडाक्षरांची नावे उघडून पाहिली, ती नीट आहेत. कारखान्याची रिकामी ट्रॉली काट्यावर घेऊन एक चाचणी पावती काढली आणि रद्द केली.

३ सप्टेंबर, मंगळवार

नदीकाठचे गट झाले. तिथे तीन मशीनवर १०.२ होता, ६४ बिट विंडोज १० वर, १२.२ चा ३२ बिट क्लायंट टाकला, कारण प्रोग्रॅम ३२ बिट आहेत. हिशेबाच्या एक्सेलची ओडीबीसी जोडणीही ११.२.०.४ च्या ३२ बिट ड्रायव्हरवर नेली आणि १०.२ चे होम काढले.

शीटची स्थिती: हंगामी प्रोग्रॅमपैकी लॅबचा एक बाकी. केमिस्ट साहेब रजेवर आहेत, लॉगिन त्यांचेच लागते. ते गणपतीनंतर येतील तेव्हा प्रोग्रॅम उघडवून पाहायचा. तोवर त्या ओळीत 'इन्व्हेंटरीनुसार ११.२.०.४, चालू स्थितीत तपासलेले नाही' असेच राहील.

दर दहा मिनिटांचा जॉब नव्या सर्व्हरवरही लावला आहे. ११.२.०.३ च्या आधीचे, पॅच नसलेले कुणी यशस्वीपणे जोडू शकणार नाही, तेव्हा तिथे टेबलाबरोबर लिसनरच्या (येणाऱ्या जोडण्या घेणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम) लॉगमधली मशीनची नावेही रोज सकाळी ताडायची: लॉगमध्ये आले पण टेबलात नाही, असे मशीन दिसले की त्या विभागाला फोन. सर्व्हर बदलण्यासाठी सप्टेंबरचा शेवटचा शनिवार-रविवार मागितला आहे.